एडास घेताना फीचर मोजू नका, गाडी काय ‘धरते’ ते बघा

एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून चालकाला सावध करणारी, गरज पडली तर ब्रेकही लावणारी गाडीतली यंत्रणा. शोरूममध्ये तिची ओळख आकड्यांनीच करून देतात. या गाडीत अकरा फीचर, त्या गाडीत सतरा, वरच्या मॉडेलमध्ये अजून चार. नावंही भारदस्त असतात: पुढच्या धडकेची सूचना, आपोआप ब्रेक, अॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग सांभाळणारं), लेन कीप, ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणाऱ्या गाडीची सूचना). लेन आणि अप्पर-डिपरची फीचर सोडली, तर बाकी जवळजवळ सगळी एकाच यादीवर जगतात. आजूबाजूला कोण आहे, किती लांब आहे, कोणत्या वेगाने कुठे चाललंय आणि ते नक्की काय आहे, याची यादी गाडीतला कॉम्प्युटर सेकंदाला वीस-तीस वेळा नव्याने लिहितो. यादीत नाव नसेल तर सतरा फीचर मिळूनही ब्रेक लागत नाही. म्हणून इथे फीचरची तुलना केलेली नाही. भारतात साधारण मध्यम किमतीच्या गाड्यांत मिळणारे तीन प्रकारचे संच ही यादी कशी सांभाळतात, कुठे धरतात आणि कुठे सोडतात, एवढंच पाहिलं आहे.

(नावाचंही गंमतशीर आहे. ‘एडास’ मराठी कानाला डासासारखाच लागतो, आणि पुण्यात पहिल्या दिवशी त्याची पिपाणी ऐकली की अनेकांचं मतही तसंच होतं. ते मत थोडं अन्यायाचं आहे. त्यावर पुढे येऊच.)

तीन संच

पहिला, फक्त कॅमेरा. आरशामागे काचेला लावलेला एकच रुंद कोनाचा कॅमेरा. होंडाच्या सिटी आणि एलिव्हेटमधलं होंडा सेन्सिंग याच जातीचं, आणि ह्युंदाईने २०२३ मध्ये व्हेन्यूत दिलेला लेव्हल १ चा, म्हणजे एका वेळी वेग किंवा स्टिअरिंग यांपैकी एकालाच मदत करणारा संचही. दुसरा, कॅमेऱ्याच्या जोडीला पुढच्या बंपरात किंवा लोगोमागे एक रडार. २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ने हा आपल्याकडे घराघरात पोचवला. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉसही पुढचं पाहायला हीच जोडी वापरते. तिसऱ्यात मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांतही रडार येतात. २०२३ ची ह्युंदाई व्हर्ना आणि त्याच वर्षीची किया सेल्टोस, म्हणजे तीन रडार आणि एक कॅमेरा. पार्किंगचे अल्ट्रासॉनिक सेन्सर सगळ्यांतच असतात, पण ते आवाजाच्या लहरींवर चालतात आणि त्यांची झेप चार-साडेचार मीटरच्या आत संपते. रस्त्यावरची गाडी ओळखणं हे त्यांचं काम नाही.

कॅमेरा अंतर कसं मोजतो हे समजलं की निम्मा निकाल तिथेच लागतो. एका कॅमेऱ्याला खोली दिसत नाही. तो पुढच्या गाडीची चित्रातली रुंदी आणि तिची चाकं रस्त्याला टेकतात ती रेष यांवरून अंतर काढतो. समजा लेन्सची फोकल लांबी १,२०० पिक्सेल आहे आणि पुढची गाडी १.७ मीटर रुंद आहे. २५ मीटरवर ती चित्रात सुमारे ८२ पिक्सेल रुंद दिसते. तिथे कडा ओळखण्यात एका पिक्सेलची चूक झाली तर अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं, म्हणजे काहीच नाही. तीच गाडी १०० मीटरवर २० पिक्सेलची उरते आणि एका पिक्सेलची चूक थेट पाच मीटरची होते. मोटरसायकलचं मागचं रूप जेमतेम ७० सेंटिमीटर, म्हणजे १०० मीटरवर आठ पिक्सेल. त्यात मागे बसलेल्याने मांडीवर पोतं घेतलं असेल तर ती मोटरसायकलच आहे हे ठरवायलाही वेळ लागतो.

रडारचं उलटं. ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर, लांबी सुमारे चार मिलिमीटर. आपल्याकडे ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या वाहन-रडारसाठी परवान्याविना खुला आहे. परतीच्या लहरीवरून अंतर कळतं, आणि तिच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून वेगही थेट कळतो. कॅमेऱ्याला वेग काढायला चित्र मोठं होतंय की लहान, हे काही फ्रेम बघत बसावं लागतं, रडारला नाही. धुकं, पाऊस, समोरून अप्पर मारत येणारा ट्रक, याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. त्याची दुखरी बाजू कोनाची. आडवा भेद, म्हणजे शेजारच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखायला लागणारा कमीत कमी कोन, चार अंशांचा धरला तर ६० मीटरवर तो ४.२ मीटर होतो. म्हणजे डाव्या लेनमधला ट्रक आणि त्याला चिकटून त्याच वेगाने चाललेली मोटरसायकल रडारला एकच ढेकूळ वाटू शकते. ट्रकचा प्रतिध्वनी इतका मोठा असतो की मोटरसायकलचा त्यात बुडून जातो.

म्हणून जोडी. अंतर आणि वेग रडारचा, बाजू आणि जात कॅमेऱ्याची. दोघांचं जमलं तर यादी घट्ट बसते. पटलं नाही तर गाडी कोणाचं ऐकते, यावरच एका कंपनीचा संच दुसरीपेक्षा वेगळा वाटतो.

यादीत नाव चढतं कसं, उतरतं कसं

सेन्सरला एखादा ठिपका दिसला की लगेच त्याला वाहन मानत नाहीत. आधी कच्चं नाव. पाच फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत तो ठिपका अपेक्षित जागी पुन्हा सापडला तर नाव पक्कं, असा साधारण हिशोब. ‘अपेक्षित जागा’ काढायचं काम काल्मन फिल्टर करतो. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेलं हे गणित आजही जवळजवळ प्रत्येक गाडीत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. मागची जागा आणि वेग धरून पुढच्या ५० मिलिसेकंदांनी वस्तू कुठे असेल याचा अंदाज करायचा, अंदाजाभोवती एक कुंपण घालायचं, कुंपणात जो नवा ठिपका पडेल तो तिचाच मानायचा आणि अंदाज नि मोजमाप यांत विश्वासाप्रमाणे वाटणी करायची. मोटरसायकल खांबाआड गेली किंवा वायपर आडवा आला तर ठिपका मिळत नाही. तेव्हा फिल्टर नुसत्या अंदाजावर तिला काही काळ चालवत ठेवतो. कुंपण दर फेरीला मोठं होत जातं. ठरलेल्या वेळेत ती परत दिसली नाही की नाव कटतं.

ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये आजूबाजूची चित्रं येतात, तिथे हे डोळ्यांनी बघता येतं. चांगल्या संचात पुढच्या रिक्षाचं चित्र एकदा आलं की ती वळेपर्यंत टिकतं. कच्च्या संचात तेच चित्र लुकलुकतं, क्षणात कार होतं, क्षणात ट्रक, मग गायब. शेजारून दोन स्कूटर एकमेकींना कापून गेल्या की नावांची अदलाबदल होते आणि उजवीकडे गेलेली स्कूटर गाडीच्या लेखी अजून डावीकडेच असते. फीचरच्या संख्येपेक्षा हे लुकलुकणं जास्त काही सांगून जातं.

नाव लवकर पक्कं करायचं की उशिरा, ही कंपनीची निवड असते. लवकर केलं तर मॅनहोलचं झाकण, रस्त्यावरची लोखंडी पट्टी आणि वरचा दिशादर्शक फलकही यादीत चढतात आणि मोकळ्या रस्त्यात ब्रेक लागतो. उशिरा केलं तर ‘कट’ मारून घुसलेल्या गाडीची दखल उशिरा. ८० च्या वेगाला सेकंदाला २२ मीटर जातात. पक्कं व्हायला ०.३ सेकंद लागले तर सहा-सात मीटर तिथेच खर्च.

थांबलेला ट्रक

एडासवर विसंबणाऱ्यांनी एवढा एक भाग तरी नीट वाचावा. रडारच्या दृष्टीने रस्त्यावरचा पूल, कठडा, खांब, झाकण आणि बंद पडलेला ट्रक हे सगळे जमिनीइतकेच स्थिर असतात. सगळ्या स्थिर वस्तूंवर ब्रेक लावत गेलं तर गाडी शंभर मीटरही सुखाने जाणार नाही. म्हणून जी वस्तू कधी हलताना दिसलेलीच नाही, तिच्यावर बरेच संच वेगात असताना भरवसा ठेवत नाहीत, निदान कॅमेऱ्याने ‘हे वाहनच’ अशी साक्ष देईपर्यंत तरी. जवळजवळ प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात ‘थांबलेलं वाहन ओळखलं न जाण्याची शक्यता’ हे वाक्य असतं. शोरूममध्ये ते कोणी वाचून दाखवत नाही.

यातला सर्वांत वाईट प्रसंग असा. तुम्ही क्रूझ लावून पुढच्या कारमागे चालला आहात. ती कार शेवटच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्याआडून उभा ट्रक उघडा पडतो. गाडीच्या यादीत ट्रकचं नाव अजून चढलेलंच नसतं. उलट समोरचं नाव उतरलं म्हणून क्रूझ वेग वाढवायला बघतं. ८० चा वेग, पुढच्या गाडीशी दीड सेकंदाचं अंतर म्हणजे ३३ मीटर; ती ट्रकपासून २० मीटरवर असताना बाजूला झाली; तिची स्वतःची लांबी चार मीटर. ट्रक तुमच्यापासून ५७ मीटरवर उघडा पडला. ओळखून ब्रेकचा दाब बनेपर्यंत ०.६ सेकंद धरले तर १३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेकने पुढे ३१ मीटर. एकूण ४४. वाचलात. पावसात पकड कमी झाली, मंदन, म्हणजे दर सेकंदाला उतरणारा वेग, आठ मीटर प्रतिसेकंदाऐवजी पाच धरलं, की त्याच गणिताचं उत्तर ६३ येतं. सहा मीटर कमी पडले.

त्यामुळे क्रूझने पुढच्या गाडीशी किती अंतर ठेवायचं हे मीटरवर तीन-चार काड्यांनी निवडता येतं; त्यांपैकी सर्वांत छोटी वापरू नका. एका सेकंदाच्या अंतराला हाच हिशोब कोरड्यातही जेमतेम सुटतो: ४६ मीटर जागा, ४४ ची गरज. ‘जास्त अंतर ठेवलं की लोक घुसतात’ ही तक्रार सगळ्यांची आहे आणि खरी आहे. घुसतात. घुसू द्या आणि क्रूझला मागे सरू द्या. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेच्या संपूर्ण अंतरात त्याने जे नुकसान होतं ते मिनिटांत मोजायचं.

हंगामातला खास धोका उसाच्या ट्रॉलीचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर गळीत सुरू असताना रात्री ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. रात्री कॅमेरा वाहन ओळखतो ते मुख्यतः मागच्या दोन लाल दिव्यांच्या जोडीवरून. ती जोडीच नाही. रडारला ट्रॉलीची लोखंडी चौकट आणि आस जोरात परत बोलावतात, पण ऊस लहरी विखरून टाकतो. म्हणजे अंतर चौकटीपर्यंतचं धरलं जाण्याची शक्यता, आणि ऊस तर चौकटीच्या बाहेर मीटरभर लोंबतोय. टेम्पोतून बाहेर आलेल्या सळ्यांचंही तेच. असं काही समोर असेल तेव्हा यंत्राचा अंदाज बाजूला ठेवून पाय ब्रेकवर आणा.

घाट, बोगदे, पाऊस, ऊन

घाटात क्रूझ बंद. कारण भूमितीचं आहे. समोरच्या गाड्यांपैकी ‘माझ्या वाटेवरची कोणती’ हे गाडी स्टिअरिंगचा कोन आणि स्वतःच्या वळण्याच्या दरावरून ठरवते. वळण सुरू होण्याआधी स्टिअरिंग सरळ असतं, म्हणून गाडीच्या लेखी वाटही सरळ. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ५० मीटर पुढे रस्ता सव्वासहा मीटर बाजूला गेलेला असतो, म्हणजे दीड लेनपेक्षा जास्त. त्यामुळे बोरघाटात गाडी शेजारच्या लेनमधला रखडत चाललेला कंटेनर आपल्या पुढ्यात आहे असं समजून ब्रेक मारते, किंवा आपल्याच लेनमधला ट्रक सोडून देते. कॅमेरा लेनचे पट्टे वाचून ही चूक बरीच सुधारतो, पट्टे असतील तर. उतारावर इंजिन ब्रेकिंगचं शिस्तीचं कामही क्रूझपेक्षा माणसालाच बरं जमतं.

बोगद्यात रडारच्या लहरी भिंतींवर आपटून फिरतात आणि एकाच ट्रकची दोन रूपं दिसू शकतात. भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडताना कॅमेऱ्याचं एक्स्पोजर उन्हाशी जुळेपर्यंत क्षणभर चित्र पांढरं होतं. दोन्ही अडचणी एकाच वेळी सहसा येत नाहीत. जोडीचा फायदा तो हाच. समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या, दुचाकींना बंदी असलेल्या रस्त्यावर हे संच सर्वांत शहाण्यासारखे वागतात आणि तिथेच चालक सर्वांत लवकर पेंगतो. स्टिअरिंगवर हात ठेवायला सांगणारी ती पाटी उगाच नाही. हे फार तर लेव्हल २ आहे, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्हींना नुसती मदत: जबाबदार चालक, यंत्र नाही.

एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवरचे लांबट सांधे आणि त्यात भरलेलं डांबर कमी उन्हात लेनच्या पट्ट्यासारखं दिसतं. लेन कीप तेव्हा स्टिअरिंगला हलकी ओढ देतं. घाबरायचं कारण नाही, हाताने सहज मोडता येते, पण पहिल्यांदा दचकायला होतं. होंडाच्या संचात लेन कीप साधारण ७२ किलोमीटरच्या वर जागं होतं, त्यामुळे शहरात त्याचा त्रास नाही. ज्यांचं कमी वेगातही चालतं, त्यांनी शहरात ते बंद ठेवलेलं बरं.

विदर्भात एक वेगळाच त्रास. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की काचेमागचा कॅमेरा तापतो आणि तापमान उतरेपर्यंत स्वतःला बंद करतो. मीटरवर पाटी येते. बिघाड नाही. एसीचा झोत काचेकडे सोडा, दहा-पंधरा मिनिटांत तो परत येतो.

मागचे कोपरे

खरं सांगायचं तर पैसे वसूल होतात ते बहुधा इथे. मागच्या कोपऱ्यातले रडार सोसायटीच्या गेटमधून किंवा दोन एसयूव्हींच्या मधून गाडी मागे काढताना आडवा येणारा स्कूटरवाला तुम्हाला दिसण्याआधी धरतात. महामार्गावर उजवीकडून सुसाट आलेली गाडी लेन बदलण्याआधी आरशातल्या दिव्यात दिसते. लक्ष्मी रोडवर मात्र तो दिवा संध्याकाळभर पेटलेलाच राहतो, कारण दोन्ही बाजूंना कायम कोणीतरी असतंच. पेटलेला दिवा तिथे खोटं बोलत नसतो. त्याचा उपयोग मात्र शून्य.

सिटी आणि एलिव्हेटमध्ये याऐवजी डाव्या आरशाखाली कॅमेरा आहे, डावा इंडिकेटर दिला की पडद्यावर चित्र. सोय चांगली आहे, पण त्यात यादी नाही, मोजमाप नाही, सूचना नाही. बघून ठरवायचं तुम्ही. दोन गोष्टींची किंमत एकाच तराजूत तोलू नये.

ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी काचेला लावायची बाहेरची यंत्रं मिळतात. मोबिलआय या कंपनीच्या अशा यंत्राचा इशारा धडकेच्या २.७ सेकंद आधीपर्यंत येतो. ब्रेक ते लावत नाही. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आय-रास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसेसना अशी इशारा देणारी यंत्रं बसवली गेली; इंटेल, हैदराबादचं आयआयआयटी आणि सीएसआयआरची रस्ते संशोधन संस्था त्यात होती. त्यातली हुशारी ही की इशारे वारंवार कुठे वाजतात हे नोंदवून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधायच्या. खाजगी गाडीला हे यंत्र लावायचं तर वेग आणि इंडिकेटरचे सिग्नल त्याला वायरने द्यावे लागतात. नुसतं चार्जरवर चालणारं, वेग जीपीएसवरून घेणारं स्वस्त यंत्र इंडिकेटर दिलेला असतानाही लेन सुटल्याचा कांगावा करतं, आणि आठवड्याभरात लोक ते उपटून ठेवतात.

रिक्षा, टमटम, बैलगाडी, गुरं यांच्या ओळखीबद्दल विक्रेता ‘भारतीय रस्त्यांसाठी ट्यून केलेलं’ म्हणतो. विचारायला हवं ते हे: रिक्षाला वेगळा वर्ग आहे का? परदेशी चित्रांवर शिकलेल्या संचाला रिक्षा कधी कार वाटते, कधी काहीच वाटत नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ च्या सुमारास हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवरची १०,००४ चित्रं ३४ वर्गांत खुणा करून खुली केली, त्यात रिक्षा स्वतंत्र आहे. मीटरमध्ये रिक्षाचं चित्र रिक्षासारखं येतं का, एवढं पाहिलं तरी बरंच उत्तर मिळतं. गायीबद्दल कोणाच्याही आश्वासनावर जाऊ नका, रात्री तर अजिबात नाही. रॉंग साइडने येणाऱ्यावर बरेच संच ब्रेकच लावत नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला काय बघाल

खोका किंवा थर्माकोल समोर ठेवून ब्रेकची परीक्षा घेणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. रडारची लहर पुठ्ठ्यातून जवळजवळ आरपार जाते. गाडी थांबली नाही तरी काही सिद्ध होत नाही, थांबली तरीही नाही. माणूस तर उभा करायचाच नाही.

त्यापेक्षा अर्धा तास मागून घ्या आणि निम्मा वेळ गर्दीच्या रस्त्यावर फिरा. क्रूझ न लावता फक्त मीटरमधली चित्रं बघायला शेजारच्याला सांगा: स्कूटर किती लांबून धरली, रिक्षाचं काय केलं, ट्रकशेजारची मोटरसायकल वेगळी दाखवली का. मग मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून दिशाफलकाच्या कमानीखालून आणि उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावरून न्या. उगाच ब्रेक लागतो का? पुढच्या गाडीने लेन सोडल्यावर गाडी किती अधाशासारखी वेग घेते? एका मध्यम वळणावर शेजारच्या लेनच्या ट्रकला बघून दबकते का? आणि सिग्नलला पुढची गाडी थांबली तर क्रूझ पूर्ण थांबेपर्यंत सोबत येतं, की ठरावीक वेगाखाली हात सोडतं? एलिव्हेटचं ३० च्या खाली चालत नाही. हे माहीत नसेल तर टोलनाक्याच्या रांगेत धक्का बसेल.

घेतल्यावर सूचनेची संवेदनशीलता ‘उशिरा’वर ठेवा, बंद करू नका. डासाची तक्रार तेवढ्यानेच बरीच मिटते. आपोआप ब्रेक कधीच बंद करायचा नाही.

काच फुटली, बंपर रंगवला

खर्चाचा आणि चुकांचा मोठा भाग गाडी घेतल्यानंतरचा आहे. रडार किंवा कॅमेरा एक अंश फिरला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे अर्धी लेन. मीटरवर कोणतीही पाटी न येता गाडी शेजारच्या लेनची यादी आपली म्हणून वाचू शकते. म्हणून पुढची काच बदलली, कॅमेऱ्याचा कंस काढला, बंपर उतरवला, सस्पेन्शन बदललं की कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा कोन पुन्हा जुळवून घेणं. व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग कोनाचा शून्यही तपासून घ्यायचा.

स्थिर कॅलिब्रेशनला सपाट फरशी, टायरात दारावरच्या पट्टीप्रमाणे हवा, रिकामी डिकी आणि गाडीच्या मध्यरेषेवर ठरलेल्या अंतरावर उभा केलेला नक्षीचा फलक लागतो. अंतर आणि उंची प्रत्येक मॉडेलची वेगळी. उताराच्या अंगणात हे होत नाही. दुसरा प्रकार चालवून करायचा: ठरावीक वेगाने, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर तासभर फिरवलं तरी ते पूर्ण होत नाही आणि मेकॅनिक ‘झालं साहेब’ म्हणून चावी देतो. आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणीचा कागद मागा. त्यावर तारीख आणि गाडीचा चॅसिस नंबर असतो. विम्यात काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च धरलाय का, हे पॉलिसी घेतानाच विचारा.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर पुट्टी भरायची नाही. बाहेरून काही दिसत नाही, पण रडार त्याच प्लास्टिकमागे बसलेला असतो. पुट्टीचा जाड थर आणि धातूच्या कणांचा रंग लहर खातो, आणि ब्लाइंड स्पॉटची झेप गुपचूप कमी होते. कोपरा चिरला असेल तर बंपर बदलणंच स्वस्त पडतं. पुढे बुलगार्ड किंवा जाड नंबरप्लेटची चौकट रडारसमोर आली तरीही हाच प्रकार.

राहिला डिलिव्हरीचा दिवस. फास्टॅग चिकटवायची घाई आरशामागेच होते, आणि तिथेच कॅमेरा आहे. काचेवरच्या ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्यातला कॅमेऱ्यासमोरचा चौकोन पूर्ण मोकळा राहिला पाहिजे, म्हणून फास्टॅग बाजूला सरकवून लावायला सांगा, मोबाइलचा होल्डरही खाली. पूजा झाल्यावर झेंडूचा हार पुढच्या जाळीला बांधून घरी जायची पद्धत आहे. रडारला ओला झेंडू म्हणजे पाण्याची भिंत. हार बोनेटवर ठेवून फोटो काढा, मग काढून घ्या आणि लोगो किंवा जाळीमागची काळी गुळगुळीत पाटी मऊ ओल्या फडक्याने पुसा. नारळाचं पाणी वाळून चिकट राहिलं तर तेही. लिंबू-मिरची बांधायचीच असेल तर रडारपासून हातभर बाजूला. ‘रडार झाकला गेला आहे’ ही पाटी काही मिनिटं चालवल्यावर आपोआप जाते. पुसूनही गेली नाही तर आत चिखल आहे का बघा, आणि नसेल तर गाडी शोरूमच्या दारातून हलवायच्या आधीच त्यांना दाखवा.